उखा ऊर्फ अविनाश

डिंडोली, सुरत
१२ जुलै १९९८

ती. नाना यांना,

चंचलचा नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून घाबरू नका. इथे कुणी आजारी नाही, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. पाऊस बरा आहे. आईचे गुडघे कसे आहेत ते कळवा, म्हणजे तिलाच कळवायला सांगा.

पत्त्यात पहिल्यांदाच 'जि. नंदुरबार' लिहिलं. जन्मभर 'जि. धुळे' लिहिलेलं, त्यामुळे एक पाकीट वाया गेलं. तुम्हाला घरबसल्या नवा जिल्हा मिळाला, अभिनंदन.

आता कामाचं लिहिते. मला यंदा इन्कमटॅक्सचं रिटर्न भरायचं आहे. हसू नका. मी साड्यांची डिझाइनं काढते, हे आईने सांगितलं असेलच. कागदावर बुट्टा, काठ, पदर रंगवून द्यायचा. रिंग रोडच्या मार्केटातले व्यापारी ते विकत घेतात आणि मग पांडेसऱ्याच्या मिलमध्ये ते साडीवर छापलं जातं. नंदुरबारच्या बाजारात हिरव्या काठाची, उलट्या कोयऱ्यांची साडी दिसली तर ती माझी समजा. कोयऱ्या मी सरळच काढल्या होत्या, छापणाऱ्याने उलट्या केल्या, आणि नेमकी तीच खपली.

इतके दिवस व्यापारी पैसे हातावर ठेवायचे आणि हिशेब तिथेच संपायचा. आता चेक देतात आणि त्यातून कर कापून घेतात. त्यात भर म्हणून घरात फोन आला. या शहरात ज्याच्या घरी फोन आहे त्याने रिटर्न भरलंच पाहिजे, असा नियम निघाला आहे. मी फोन घेतला तो व्यापाऱ्यांनी बोलवावं म्हणून, आणि आधी सरकारनेच बोलावलं. मला तर वर्ष दिवाळीला संपतं असंच वाटत होतं, कारण इथले सगळे शेठ दिवाळीला वही पुजतात. आमचे वकील छगनभाई म्हणाले, "बेन, पूजा दिवाळीला करा, पण सरकारचं वर्ष मार्चला पूरुं." स्वतःचा धंदा असलेल्यांना ३१ ऑगस्टपर्यंत मुदत असते. फॉर्मचं नाव 'सरल' आहे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय!

रिटर्न भरायला पॅन नंबर लागतो आणि त्याचा वेगळा फॉर्म असतो. त्यात मी आपलं सवयीने 'चंचल लोटू बोरसे' लिहिलं आणि खालच्या रकान्यात नवऱ्याचं नाव लिहून मोकळी झाले. छगनभाईंनी तो फॉर्म फाडला. बाई लग्न झालेली असली तरी तिथे वडिलांचंच नाव लिहायचं, असा नियम आहे. "सरकारने वर नहीं, बाप जोईए," म्हणाले. त्यांना नवरा नको, बाप पाहिजे.

मग त्यांनी माझे शाळेचे दाखले मागितले. मी होते नव्हते ते सगळे पुढे ठेवले. गावच्या प्राथमिक शाळेच्या दाखल्यावर 'चंचल उखा पाटील'. मॅट्रिकच्या दाखल्यावर 'चंचल अविनाश पाटील'. छगनभाईंनी एकदा हा कागद पाहिला, एकदा तो पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "बेन, बाप किती?" मी हसून सांगितलं, एकच आहेत, पण त्यांनी मध्ये नाव बदललं. तर म्हणाले, तसं त्यांनी लिहून द्यावं. स्टँपपेपरवर, नोटरीसमोर, की उखा धुडकू पाटील आणि अविनाश धुडकू पाटील ही एकाच माणसाची नावं आहेत.

हे लिहिताना मला काही वाटत नाही असं समजू नका. ते नाव घरात काढायचं नाही हे मला माहीत आहे. तुमच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आजीने तुम्हाला उकिरड्यावर लोळवून 'उखा' म्हटलं. नाव ओंगळ ठेवलं की मरण त्या घराकडे वाट वाकडी करत नाही, असं ती सांगायची. तुम्ही हेडमास्तर झालात, गॅझेटमध्ये छापून अविनाश झालात, तरी ती शेवटपर्यंत ओसरीतून हाक मारायचीच, "उखा, जेवाले ये रे भो!" आणि तुम्ही पाहुण्यांसमोर ऐकू न आल्यासारखं करायचात. माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा तुम्ही मुलाचा पगार विचारण्याआधी म्हणाला होतात, "माझ्या जावयाचं नाव लोटू?" तेही उखासारखंच मरणाला चुकवायला ठेवलेलं नाव, म्हणून तेव्हा मला तुमचा राग आला होता. राग अजून पुरता गेलेला नाही, ते असो.

तर एवढा कागद करून पाठवावा. आमच्या घरचे सगळे मजेत आहेत.

आपली,
चंचल


डिंडोली, सुरत
९ ऑगस्ट १९९८

ती. नाना यांना,

नमस्कार. माझं पत्र पोचलं. आईने कळवलं की तुम्ही ते दोनदा वाचलंत आणि पंचांगाखाली ठेवलंत. तिने तुम्हाला विचारलं तर "बघू" म्हणालात. तुमच्या "बघू"चा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे. सहलीला जायचं विचारलं की "बघू" असायचं आणि सहल जाऊन परत यायची.

मागच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसली होती. गल्लीतल्या सगळ्या बाया देवीच्या नैवेद्याचे रोट करायला आमच्याकडेच, कारण आमच्या घरात जागा आहे. जागा का आहे ते पुढे लिहिते. सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर पोचवून आलो. सगळे खानदेशातले, त्यामुळे दोन दिवस गुजराती कानावर पडलं नाही. शेजारची पोरं मात्र कानबाईसमोरही गरबाच खेळत होती.

मागच्या पत्रात मी "आमच्या घरचे सगळे मजेत आहेत" असं लिहिलं. तुम्ही मास्तर, तुम्हाला हे खटकलं असणार. सगळे म्हणजे कोण? मुलंबाळं नाहीत. सासूबाई तिकडे गावी. घरात दोनच माणसं, मी आणि हे. आणि रिटर्न भरणार मी. मग हे काय करतात, असा प्रश्न तुम्ही मनात विचारलाच असेल, आणि आईसमोर मोठ्यानेही.

तर ऐका. हे बमरोलीला लूमवर होते हे तुम्हाला माहीत आहे. एका शेडमध्ये इतके लूम एकाच वेळी चालतात की शेजारच्या माणसाशी हातांच्या खुणांनी बोलावं लागतं. सुरुवातीला घरी आले की मोठ्याने बोलायचे, मी म्हणायचे, ओरडता कशाला? मग माझं बोलणं दोनदा सांगावं लागायला लागलं. मग तीनदा. आता यांना काहीच ऐकू येत नाही, नाना. दोन्ही कानांनी. डॉक्टर म्हणाले, मशीन लावूनही फरक पडायचा नाही. एकदा धागा तुटला, मागून बाकीचे ओरडत राहिले, यांना कळलं नाही, आणि हात अडकता अडकता वाचला. त्या दिवशी मी लूम सोडायला लावलं. त्याला दोन वर्षं होऊन गेली. लूमवर जाणारी दोन भाडेकरू पोरं ठेवली होती, आम्ही दोघं घरीच रंगवायला बसू लागलो तेव्हा तीही काढली, म्हणून घरात जागा आहे.

लग्नाच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, हा एक दिवस बायकोच्या कमाईवर बसून खाईल. बसला. तुमचं म्हणणं खरं झालं. हे तुम्हाला आईकडून कळू नये म्हणून मी तिलाही सांगितलं नव्हतं. ती मला फोनवर विचारायची, जावई बोलत का नाहीत, आणि मी म्हणायचे, सेकंड पाळीला गेलेत.

पण "बसून" हा शब्द तेवढा परत घ्या. सकाळचा स्वयंपाक हे करतात. भरीत माझ्यापेक्षा चांगलं करतात. मी बुट्टा एकदा काढला की पुढचा सगळा कागद तसाच भरून काढायचं काम यांचं, आणि रंग रेषेबाहेर जात नाही. लूमवरची नजर आहे, इतकीशी चूक सुटत नाही. मार्केटातही आता हेच जातात. आधी मला वाटलं, बहिरा माणूस सौदा कसा करणार? झालं भलतंच. भाव एका कागदावर मी लिहून देते, हे तो कागद व्यापाऱ्यापुढे धरतात. व्यापारी पाडून मागतो, रडतो, देवाची शपथ घेतो, यांना काही ऐकूच येत नाही, हे शांत उभे. शेवटी व्यापारीच दमतो. मी जात होते तेव्हा कधी पुरा भाव आला नव्हता.

संध्याकाळी हे खिडकीपाशी बसतात. फोन वाजला तर यांना कळत नाही, पण पोस्टमनची सायकल लांबून दिसते. रोज मला विचारतात, "नानानं पत्र उनं का?" मी मानेनेच 'नाही आलं' म्हणते. यांना तुमच्याकडून काय हवंय, हे मी कधी विचारलं नाही.

कागद आला तर बरं होईल. मुदत ३१ ऑगस्टची आहे, हे मागे लिहिलंच आहे.

आपली,
चंचल


डिंडोली, सुरत
२ सप्टेंबर १९९८

प्रिय आई,

हे पत्र शेजारी मंदामावशीच्या पत्त्यावर टाकते आहे. तिच्याकडेच वाच आणि तिच्याकडेच ठेव. घरी नेऊ नकोस. नानांच्या नावाचं वेगळं पाकीट याच टपालाने येईल, ते आल्यावर तुला काही माहीत नाही असं तोंड करून बस. तुला ते जमत नाही हे मला माहीत आहे, पण यावेळी जमव.

नानांचा कागद काल मिळाला. रजिस्टरने आला, सही यांनी केली. आत स्टँपपेपर आणि तुझी चिठ्ठी. तुझी चिठ्ठी मी आधी वाचली ते बरं झालं. नोटरी कोण निघाला, तर केदार देशमुख! नानांनी ज्याला वर्गात बाकावर उभं केलं, त्याच केदारच्या टेबलासमोर जाऊन नानांना सांगावं लागलं, माझं मूळ नाव उखा. तू लिहिलंस, केदार "सर, बसा, बसा" म्हणत राहिला आणि नाना उभेच राहिले. टायपिस्टला नीट ऐकू आलं नाही म्हणून नाव पुन्हा सांगावं लागलं, आणि बाहेर थांबलेली माणसं वळून बघायला लागली. आई, मी ते वाचून रडले. यांनी विचारलं काय झालं, मी कागदच यांच्या हातात दिला. यांनी तो सगळा वाचला आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. "माझी कन्या चंचल, हिचे पती श्री. लोटू बोरसे." बराच वेळ ते बोट काढलं नाही.

आता खरं सांगते. या कागदाची गरज नव्हती.

पहिलं पत्र टाकलं तेव्हा होती, म्हणजे आम्हाला वाटत होती. मग छगनभाई मजुरा गेटच्या इन्कमटॅक्स ऑफिसात दुसऱ्या कुणाच्या कामाला गेले आणि सहज विचारून आले. तिथे म्हणाले, मॅट्रिकच्या दाखल्यावर जे नाव आहे ते लिहा, बाकी कोण विचारतो? मी 'अविनाश' लिहिलं, दोन मिनिटांत संपलं. रिटर्नही गणपती बसायच्या आधीच भरून झालं. शिक्का मारलेली पोच कपाटात आहे. हे मला दुसरं पत्र लिहायच्या आधीच कळलं होतं. तू ते पत्र पुन्हा बघ, त्यात कागद लागतो असं मी कुठेही लिहिलेलं नाही. "आला तर बरं होईल" एवढंच लिहिलं आहे, आणि मुदत ३१ ऑगस्टची होती हे तर सरकारच सांगेल. छगनभाईंच्या संगतीने मीही अर्धी वकील झाले.

मी का लिहिलं ते सांगते. लग्न झाल्यापासून अकरा वर्षांत मला नानांना पत्र टाकायला एकही कारण सापडलं नव्हतं. खुशाली लिहावी तर ते म्हणणार, मी विचारली होती का? माफी मागावी तर मी कसली मागू? रिटर्नचं निमित्त मिळालं आणि मला इतकं सुचत गेलं की पान पुरेना. मग निमित्त हातचं गेलं तरी मला ते सोडवेना.

आता घोळ ऐक. नानांनी स्टँपपेपरला टाचणीने एक चिठ्ठी लावली आहे. तुला दाखवली नसणार. जशीच्या तशी लिहिते: "पोस्टाच्या विलंबाने मुदत टळल्यास त्वरित कळविणे. आयकर अधिकाऱ्यांस मी समक्ष भेटून खुलासा करीन." बाकी काही नाही. ना आशीर्वाद, ना सही.

समक्ष भेटून, आई! म्हणजे इथे येऊन.

काल दिवसभर विचार केला. खरं कळवलं, की नाना, रिटर्न केव्हाच भरलं, तुमच्या कागदाची गरज नव्हती, तर काय होईल? केदारसमोर उभं राहून त्यांनी जे केलं ते फुकट गेलं असं त्यांना वाटेल. ते पुन्हा कधी "बघू"सुद्धा म्हणणार नाहीत. आणि खोटं कळवलं तर ते काळी टोपी घालून, छत्री घेऊन, साहेबाला झापायच्या तयारीने गाडीत बसतील. मी यांना विचारलं, पाटीवर लिहून. यांनी खाली लिहिलं, "येऊ दे."

तेव्हा मी मुदत टळल्याचं कळवते आहे. पाप लागलं तर मला लागेल. ते आले की पहिल्या दिवशी रविवार आहे म्हणून सांगेन, रविवार नसला तर सुट्टी आहे म्हणून सांगेन. गणपती उठायचे आहेत, पुढे नवरात्र आहे, सुरतेत सुट्ट्यांना तोटा नाही. मग एक दिवस मीच पोच दाखवीन आणि शिव्या खाईन. समोर बसून शिव्या दिल्या तरी चालतील.

तू फक्त त्यांना एकटं सोडू नकोस. तूही ये. गुडघ्यांचं तेल बरोबर घे.

तुझी,
चंचल


डिंडोली, सुरत
२ सप्टेंबर १९९८

ती. नाना यांना,

नमस्कार. आपण रजिस्टरने पाठवलेला कागद काल मिळाला. मुदत परवा संपली.

नुसत्या कागदावर आता हे प्रकरण मिटेल असं वाटत नाही. वडिलांनी समक्ष आलं पाहिजे, इथे आमचं सगळ्यांचं तेच मत पडलं. उशीर झाला म्हणून ऐकून घेणार नाहीत असं मुळीच नाही. पण आणखी उशीर करू नका. एका दिवसात होण्यासारखं काम नाही, तेव्हा राहायच्या तयारीने यावं. आईलाही आणा, साक्षीला लागेल.

सकाळच्या पॅसेंजरने निघा आणि सुरतेपर्यंत न जाता उधन्याला उतरा, तिथून आम्ही जवळ आहोत. मला घरी डिझाइनचा कागद पुरा करायचा असतो, म्हणून उतरवून घ्यायला हे येतील. कुठल्या दिवशी येता ते कळवा. कळवायला जमलं नाही तरी हरकत नाही, हे रोज गाडीच्या वेळेला फलाटावर जाऊन उभे राहणार आहेत. मी नको म्हटलं, पण त्यांना ते ऐकू आलं नाही.

एवढं लक्षात ठेवा. गर्दीत ते पाठमोरे असले तर लांबून हाक मारू नका, आणि वळले नाहीत म्हणून राग धरू नका. जवळ जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवा.

तुमची,
चंचल